रंगमंचाकडून अभ्यासक्रमाकडे : नागसेनवनातील समूह-अध्ययनाची वाटचाल

अमेरिकन विद्यापीठांमध्ये ‘एथनिक स्टडीज’ या नावाने ओळखली जाणारी ज्ञानशाखा एका विद्यार्थी संपातून जन्मास आली. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमधील कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई व मूलनिवासी वंशाच्या विद्यार्थ्यांनी ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सुरू केलेला संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्याच वर्षी तेथे या विषयाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातही १९६९ मध्येच असा विभाग निघाला. आपल्या समूहाचा इतिहास, भाषा व साहित्य विद्यापीठात शिकविले जावे, ते शिकविणारे त्या समूहाशी नाते सांगणारे असावेत आणि विभागाचे दरवाजे वस्तीच्या दिशेने उघडे असावेत, असे या मागणीचे स्वरूप होते. त्यामुळे अध्यापनाबरोबर वस्तीतील कार्य व सांस्कृतिक कार्यक्रम यांनाही अशा विभागांत स्थान मिळाले.

महाराष्ट्रात याचा समांतर प्रवाह कोठे शोधावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मानववंशशास्त्राचे विभाग येथे होते. पुण्यात १९६२ मध्ये आदिवासी संशोधन संस्थाही स्थापन झाली. परंतु या ठिकाणी समूह हा अभ्यासाचा विषय होता, अभ्यासक नव्हता. प्रश्नावली घेऊन पाड्यावर जाणारा आणि प्रश्नांची उत्तरे देणारा, अशी विभागणी त्यात गृहीतच होती. ही विभागणी ज्या ठिकाणी प्रथम मोडली ते ठिकाण विद्यापीठाचा विभाग नव्हते. ते एक महाविद्यालय होते. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथील मिलिंद महाविद्यालय व त्याचा नागसेनवन परिसर यांचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक ठरतो. जात म्हणजे वंश नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात जातींचे वांशिक मूळ सांगणाऱ्या मताचे खंडन केले होते. तेव्हा ‘एथनिक’ हा शब्द मराठी समाजाला जसाच्या तसा लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. साम्य आहे ते समूहाच्या उत्पत्तीत नसून ज्ञानव्यवहारातील त्याच्या स्थानात आहे. हे साम्य स्वतः बाबासाहेबांनाही जाणवले होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर करावयाच्या निवेदनाविषयी चौकशी केली होती आणि ड्यू बॉइस यांनी त्यास उत्तरही पाठविले होते.

संस्थेची पायाभरणी

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ रोजी झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत संस्थेचे दुसरे महाविद्यालय उघडले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. मुंबई सोडून औरंगाबादची निवड होणे ही साधी बाब नव्हती. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेत, तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. गावकुसाबाहेरच्या मराठी मुलाला ही वाट जवळजवळ बंदच होती. मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

महाविद्यालयाचे नाव व परिसराचे नाव यांत एक संवाद दडलेला आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांच्यातील प्रश्नोत्तरांचा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. राजा प्रश्न विचारतो, भिक्षू उत्तर देतो आणि राजसत्ता वादात हार मान्य करते. विद्यार्थ्याने नागसेनाच्या वनात वावरावे व मिलिंदाप्रमाणे प्रश्न विचारावेत, हा संकेत कोणास सांगावा लागत नव्हता.

नावापेक्षाही महत्त्वाची होती ती दोन व्यवहारी साधने : शिष्यवृत्ती व वसतिगृह. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्र सरकारची योजना १९४४ च्या सुमारास सुरू झाली होती. त्या काळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या शिष्यवृत्तीने शुल्क भागले, तरी शहरात खोली कोण देणार हा प्रश्न उरतच होता. मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथून आलेल्या मुलांना वसतिगृहाने एका छपराखाली आणले. ज्याला आपल्या गावापुरताच अपमान ठाऊक होता, त्याला येथे कळले की शेजारच्या खाटेवरील मुलाच्या गावीही पाणवठा वेगळाच आहे. वेगवेगळ्या तालुक्यांतील अनुभवांची ही जुळणी म्हणजे समूह-अध्ययनाचा पहिला, कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला तास होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे येथून कवी, प्राध्यापक, प्रशासक व अर्थशास्त्रज्ञ निर्माण झाले. २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेले डॉ. सुखदेव थोरात हे मिलिंदचेच विद्यार्थी.

युगयात्रा आणि जलशाचा वारसा

महाविद्यालयीन स्नेहसंमेलन म्हणजे हलकेफुलके नाटक, शेलापागोटे व बक्षीस समारंभ, ही मराठी महाविद्यालयांची सर्वसाधारण रीत. मिलिंदमध्ये ही रीत वेगळ्या वळणाने गेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले व विद्यार्थ्यांनी ते १९५० च्या दशकाच्या मध्यास बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे धर्मांतराच्या प्रसंगी जमलेल्या जनसमुदायासमोरही त्याचा प्रयोग झाला. अस्पृश्यतेचा युगानुयुगांचा प्रवास मांडणारे हे नाटक दलित रंगभूमीच्या इतिहासात आरंभबिंदू मानले जाते. नाट्यशास्त्राच्या कसोटीवर त्यात उणिवा दाखविता येतील. प्रचाराचा सूर त्यात आहेच. परंतु येथे महत्त्वाचे आहे ते त्याचे प्रेक्षागृह. महाविद्यालयाच्या नाटकाचा प्रेक्षक महाविद्यालयाबाहेरचा होता, अनेकदा निरक्षर होता, आणि रंगमंचावर जे चालले होते ते त्याच्या स्वतःच्या आयुष्याचे भाष्य होते.

हा प्रेक्षक आकाशातून पडलेला नव्हता. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या चौकटीतील गण व गौळण यांना फाटा देऊन किंवा त्यांचा आशय पालटून समाजप्रबोधनाचे माध्यम घडविले होते. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. दिवसभराच्या मजुरीनंतर रात्री महारवाड्यात ढोलकी घुमू लागे. मुलांना शाळेत पाठवा, मृत जनावरांचे मांस सोडा, जोहार घालू नका, असे संदेश विनोदाच्या व सवाल-जवाबाच्या अंगाने पोहोचविले जात. ‘युगयात्रे’ने हाच प्रेक्षक घेतला, पण मंचावर पदवीचे शिक्षण घेणारी पिढी आणली. शाहिराच्या जागी विद्यार्थी आला. यात लाभ होता व हानीही होती. लाभ असा की, लोककलेतील आशयाला लिखित संहिता मिळाली. हानी अशी की, ढोलकी हळूहळू मागे पडली. प्रमाण मराठीतील दीर्घ संवाद पुढे आले. दलित रंगभूमीवरील पुढील चर्चेत हा ताण वारंवार डोके वर काढताना दिसतो.

नियतकालिकाचे कार्य

मुंबईत दादर येथे २ मार्च १९५८ रोजी पहिले दलित साहित्य संमेलन भरले व अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. ‘दलित साहित्य’ ही संज्ञा तेव्हापासून जाहीरपणे वावरू लागली, पण तिला सातत्याचे व्यासपीठ नव्हते. संमेलन संपते, मांडव उतरतो आणि अध्यक्षीय भाषण कोणाच्या तरी पेटीत पडून राहते. ही उणीव नागसेनवनाने भरून काढली.

या टप्प्यावर डॉ. म. ना. वानखडे (१९२४–१९७८) यांचे कार्य निर्णायक ठरले. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून ते परतले व मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा तेव्हा ऐन भरात होता. कृष्णवर्णीय लेखकांनी आपल्या अनुभवाला साहित्याचे रूप कसे दिले, हे वानखडे यांनी तेथे जवळून अभ्यासले व येथील तरुण लेखकांपुढे ते ठेवले. मध्यमवर्गीय मराठी साहित्याच्या मान्यतेची वाट पाहू नका, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांचे लेखन पुढे ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संकलित झाले. अमेरिकेतील समूह-अध्ययन अद्याप विद्यापीठात शिरलेही नव्हते, तेव्हा त्याचे साहित्यिक बीज औरंगाबादेत पोहोचले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा संप नंतरचा. ‘अस्मिता’ हे त्रैमासिक १९६७ चे.

‘अस्मिता’ पुढल्याच वर्षी ‘अस्मितादर्श’ या नावाने निघू लागले. त्याचे संपादन डॉ. गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी जवळजवळ पन्नास वर्षे केले. नागपूरचे पानतावणे आरंभी मिलिंदमध्ये व पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात अध्यापक होते. बाबासाहेबांच्या पत्रकारितेचा अभ्यास हा त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणजे सकाळी तासाला पाठ्यपुस्तकातील मराठी कविता शिकवायची आणि सायंकाळी खेड्यातील शिक्षकाने पोस्टाने पाठविलेली कविता दुरुस्त करावयाची, असा हा दुहेरी दिनक्रम होता. त्रैमासिकाचे अर्थकारण वर्गणीदारांवर अवलंबून असे आणि वर्गणीदार बहुतांशी नोकरीस लागलेली पहिली पिढी : प्राथमिक शिक्षक, टपाल व रेल्वे कर्मचारी, कारकून. वाचक आणि लेखक यांच्यातील अंतर येथे फारच थोडे होते. आज वर्गणी भरणारा उद्या कविता पाठवीत असे.

सत्तरच्या दशकात या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावे भरविण्यास प्रारंभ केला. हे मेळावे केवळ औरंगाबादपुरते राहिले नाहीत. निरनिराळ्या गावी ते भरत गेले. त्यांचे महत्त्व मराठी साहित्याच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही. संमेलनात लेखक व्यासपीठावर व वाचक मांडवात बसतो. मेळाव्यात वाचकाला उठून विचारण्याची मुभा असते की, तुम्ही लिहिलेले आमच्या वस्तीत असे घडत नाही. समीक्षेची ही पद्धत खडबडीत होती, कधी अन्यायकारकही होती, पण आजच्या परिभाषेत ज्याला समूहाचा सहभाग म्हणतात तो याहून वेगळा नाही.

या वातावरणातून आलेली पुस्तके पाहिली की प्रक्रियेचे स्वरूप ध्यानी येते. मिलिंदचे विद्यार्थी वामन निंबाळकर यांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा संग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन १९७९ चे. सोनकांबळे नागसेनवनातच शिकले व तेथेच अध्यापक झाले. पोरक्या मुलाची भूक, नातेवाइकांच्या दारातील दिवस आणि शिक्षणासाठीची पायपीट यांचे हे कथन आहे. त्यात मराठवाड्याच्या बोलीतील शब्द, वस्तू, कामे व नातेसंबंध इतक्या तपशिलाने आले आहेत की, समाजशास्त्राच्या कोणत्याही पाहणी अहवालाला तो तपशील हाती लागला नसता. कारण पाहणी करणाऱ्यास काय विचारावे हेच ठाऊक नसते.

मुंबईत मात्र काळ अधिक वेगाने धावत होता. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. नागसेनवनाच्या संयत, प्राध्यापकी वळणाबद्दल मुंबईच्या काही तरुणांना अधीरता वाटत असे आणि उलट बाजूसही तक्रारी होत्या. या मतभेदांचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. रस्त्यावरील चळवळीला प्रकाशनाची जागा हवी होती व नियतकालिकाला ताप हवा होता. दोन्ही परस्परांना मिळाले.

नामांतर : सहभागाची किंमत

मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते सर्वज्ञात आहे. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता, परंतु घरे जळाली ती खेड्यांतील दलित वस्त्यांमधली. ज्यांचा विद्यापीठाशी काहीही संबंध नव्हता, ज्यांच्या घरातून कोणी महाविद्यालयात गेलेही नव्हते, अशांना त्याचा फटका बसला. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामांतराची, खरे तर नामविस्ताराची, अंमलबजावणी होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस यावा लागला.

समूह-अध्ययनाच्या इतिहासात या घटनेचा विचार सहसा राजकारण या सदरात होतो. ते अपुरे आहे. विद्यापीठ ही कोणाची मालमत्ता, हा प्रश्न त्यात होता. कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांनी विभाग मागितला. मराठवाड्यात एका समूहाने संपूर्ण संस्थेच्या नावात आपली ओळख मागितली. पहिल्या मागणीची किंमत बहुतांशी विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी अटक व नोकरी गमावून मोजली. दुसरीची किंमत ज्यांनी मोजली त्यांना ती मागणी काय आहे याची कल्पनाही अनेक ठिकाणी नसावी. महाविद्यालयाने वस्तीशी नाते जोडले की वस्तीही महाविद्यालयाच्या भवितव्याशी बांधली जाते, हे कोणत्याही उपक्रमाच्या अहवालात लिहिले जात नाही.

उणिवांची बाजू

या इतिहासाचे गौरवीकरण पुष्कळ झाले आहे. त्याची दुसरी बाजूही पाहणे योग्य ठरेल. नागसेनवनातील व्यासपीठावर दीर्घकाळ पुरुषांचाच आवाज होता. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे ग्रंथ नागसेनवनाबाहेर घडले. यांतील शेवटच्या ग्रंथासाठी लेखिकांनी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या आठवणी नोंदविल्या. मौखिक इतिहासाचे हे उत्कृष्ट मराठी उदाहरण होय. ते कोणत्याही विद्यापीठीय विभागाच्या प्रकल्पातून आलेले नाही. तसेच पूर्वाश्रमीच्या महार समाजाव्यतिरिक्त मातंग, चर्मकार व भटक्या जमाती यांचा सहभाग मर्यादित राहिला, ही टीका अनेकदा झाली असून ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

दुसरी उणीव संस्थात्मक आहे. एकाच संपादकाच्या खांद्यावर अर्धशतक उभे राहिलेले नियतकालिक हे निष्ठेचे उदाहरण आहे आणि संस्थेच्या दुर्बलतेचेही. दरम्यान दलित साहित्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात स्थिरावले, त्यावर प्रबंध झाले, आंबेडकर विचारांची अध्यासने व केंद्रे उघडली. एलिनॉर झेलिएट यांच्यासारख्या अमेरिकन इतिहासकार विदुषींनी हे साहित्य जगापुढे नेले. मात्र अभ्यासक्रमात आलेली कविता व मेळाव्यात वाचली गेलेली कविता यांत फरक पडतोच. पहिलीवर प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा प्रश्न येतो. दुसरीवर मांडवातून कोणी उठून बोलत असे. विभाग मिळाला तेव्हा मांडव ओसरला, हा क्रम केवळ मराठवाड्याचा नाही. अमेरिकेतील अशा विभागांतही वस्तीशी असलेले नाते टिकविणे हा सततचा चिंतेचा विषय राहिला आहे.

भिवंडीच्या संदर्भात

भिवंडीतील अध्यापकांना हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. धामणकर नाक्यावर सकाळी उभे राहिले तर उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, कोकणी मुसलमानांची बोली, आगरी व प्रमाण मराठी हे सर्व कानी पडते. तालुक्याच्या पाड्यांवर वारली व कातकरी आहेत. यंत्रमागाने या सर्वांना एका गावात आणले, पण एका वर्गात फारसे आणले नाही; शाळा माध्यमांनी विभागल्या. बाहेरच्या अभ्यासकाला भिवंडी परिचित आहे ती १९७० व १९८४ च्या दंगलींमुळे, न्या. मादन आयोगाच्या अहवालामुळे, आणि पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी राबविलेल्या मोहल्ला समित्यांमुळे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, याचे श्रेय या समित्यांना दिले जाते. या सर्व नोंदी आयोगाच्या, पोलिसांच्या व पत्रकारांच्या नजरेतून झालेल्या आहेत. १९७० ची दंगल ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत उसळली होती, हे ध्यानात घेता सांस्कृतिक कार्यक्रम ही मुळातच निरुपद्रवी व एकोपा वाढविणारी गोष्ट आहे, असे गृहीत धरून चालत नाही. मिरवणूक कोणाच्या दारावरून जाते आणि नाटक कोण कोणासमोर करतो, यावर बरेच अवलंबून असते.

येथील मागावर रात्रपाळी करणाऱ्याचा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात येते तेव्हा तिच्याजवळ तारा-भरणीची परिभाषा, कारखान्यातील उचल व बाकीचा हिशेब, गावाकडील आणि इकडील अशी दोन घरे, यांचे ज्ञान असते. नागसेनवनात १९५० नंतर आलेल्या मुलांजवळही असेच काहीतरी होते. ते त्यांनी प्रथम रंगमंचावर सांगितले, मग त्रैमासिकात लिहिले आणि फार नंतर त्याला गुणपत्रिकेत जागा मिळाली.

पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे भरले. अध्यक्षपदी डॉ. गंगाधर पानतावणे होते. ज्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये चाळीस वर्षांपूर्वी संप झाला होता, ते तेथून शंभर किलोमीटरच्या आतच आहे.